सहा नंबरची चूक

ईडन प्रेरी,
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

प्रिय अनीश,

पाकीट जाड बघून घाबरू नकोस. आत मृत्युपत्र नाही आणि घराचे कागदही नाहीत. अक्षर मोठं काढलंय म्हणून पानं वाढली. तू नागपूरला दुसरीपर्यंत शिकलास आणि तुझ्या मराठी वाचनाची गाडी तिथेच थांबली, तेव्हा म्हटलं ठसठशीत लिहावं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, पण मी इंग्रजीत लिहायला बसलो की त्याचं ऑफिसचं ईमेल होतं. खाली 'रिगार्ड्‌स' लिहायचं की काम संपलं. आयुष्यभर तेच केलं आणि आता त्याचा कंटाळा आलाय. खरं सांगायचं तर बऱ्याच गोष्टींचा आलाय, या बर्फाचाही. सकाळी तुझ्या आईने ड्राइव्हवे साफ केला, जेवणं होईपर्यंत तो पुन्हा पांढरा.

मागच्या रविवारी तू फोनवर म्हणालास की मार्चमध्ये आमच्या नातवाच्या, कबीरच्या बेसबॉलचा पहिला सीझन सुरू होतोय, तू त्याच्या टीमचा कोच झालायस आणि तिथल्या पालकांपैकी एकालाही स्कोअरची वही धड भरता येत नाही. "बाबा, तुम्ही या ना प्लेनोला. टू मन्थ्स. यू कीप द बुक." मी म्हणालो, बघू. ऑक्टोबरात हेच विचारलं होतंस तेव्हाही बघू, डिसेंबरात आम्ही तुमच्याकडे आलो होतो तेव्हाही बघू. आपल्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू म्हणालास, "इट्स फाइन, बाबा," आणि ट्विन्स या आपल्या इथल्या टीमच्या नव्या पिचरची, चेंडू फेकणाऱ्याची, चौकशी करायला लागलास. हे 'इट्स फाइन' मी पूर्वी एकदा ऐकलंय, अगदी याच आवाजात. म्हणून आठवडाभर मला चैन नाही. तू आईला विचारलंस म्हणे, की बाबा माझ्यावर रागावलेत का. डिसेंबरात सूनबाईंनी, रेणूनेही तिला हेच विचारलं होतं, की बाबा बोलताना माझ्याकडे बघत का नाहीत, माझं काही चुकलं का. तिचं काही चुकलेलं नाही आणि तुझंही नाही. का येत नाही ते सांगायलाच बसलोय, पण मला वळसा घालून जाऊ दे, सरळ जायची हिंमत होत नाही.

तुझी पहिली मॅच आठवते का? आपण वायटूकेच्या, म्हणजे सन दोन हजारच्या कॉम्प्युटरवाल्या गडबडीत इथे आलो, तू सात वर्षांचा, आणि पुढच्या वसंतात शेजारच्या बाईंनी सुचवलं म्हणून तुझं नाव बेसबॉलला घातलं. मला बेसबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये मी तुला तीन आठवडे कोचिंग दिलं. चेंडू मारायचा, बॅट सोडायची नाही, पळत सुटायचं आणि पोचता पोचता बॅट जमिनीवर लांब टेकवायची. मॅचमध्ये तू पहिलाच चेंडू झकास मारलास, बॅट काखोटीला मारून धावलास आणि पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे बेसच्या, अलीकडे वाकून ती मातीत लांबवर घासत नेलीस. सगळं मैदान हसलं. दुष्टपणाने नाही हसले लोक, पण हसले. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं हे मला तेव्हा, त्या सगळ्या हसण्यात कळलं. गाडीत मागच्या सीटवर बसून तू रडत होतास आणि एकच वाक्य म्हणत होतास, बाबा, तुम्हीच सांगितलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून बेसबॉलची पाच पुस्तकं आणली. खेळायला शिकायचं माझं वय गेलं होतं आणि अंगात खेळ कधीच नव्हता. नागपूरला ऑफिसच्या क्रिकेट टीममध्ये मी कायमचा बारावा गडी, म्हणजे पाणी न्यायचं आणि उरलेला वेळ स्कोअर लिहायचा. ती विद्या तेवढी उपयोगी पडली. नियम पुस्तकातून शिकलो आणि खेळ तुझ्याकडून. तुला आठवत नसेल, पण गाडीत रेडिओवर मॅच लागली की तू मला ती मराठीत सांगायचास. कॉमेंट्री करणाऱ्याच्या तोंडातून वाक्य बाहेर पडायच्या आत तुझं भाषांतर तयार. "बाबा, आता तो दुसऱ्या बेसवरून निघाला, आता तो पडत पडत पोचला, सेफ." मी गाडी चालवायचो आणि तू मागून सांगायचास. या देशातलं माझं पहिलं सुख कोणतं म्हणून कुणी विचारलं तर मी हे सांगेन. पण कुणी विचारत नाही.

पुढे दहा वर्षं मी तुझ्या टीमची वही लिहिली. एप्रिलमध्ये बर्फाचे ढीग कडेला तसेच असायचे आणि आम्ही पालक त्यांच्यामध्ये बसून बेसबॉल बघायचो. थंडगार पत्र्याचे बाक, गुडघ्यावर घोंगडी, थर्मासमध्ये चहा. आईने दिलेला चिवड्याचा डबा मी टीमच्या बाकावर ठेवायचो आणि ती गोरी पोरं सूर्यफुलाच्या बिया सोडून त्याच्यावर तुटून पडायची. चेंडू वर उडाला की कुणी पकडायचा ते ओरडून सांगायचं असतं, तर तू आपल्या नागपूरच्या गल्लीतल्यासारखा "माझा, माझा!" ओरडायचास. दुसऱ्या वर्षापासून सगळी टीमच "माझा, माझा" ओरडायला लागली. समोरच्या टीमच्या कोचने पंचाकडे चौकशी केली होती की हा काही गुप्त संकेत आहे का.

मी तुझ्याशी बापासारखं कधी बोललो असेन तर ते या वहीच्या आडून. मंदीत माझी नोकरी गेली तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. मी घरी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. दुपारी तीन वाजता कोट-टायमध्ये तुझ्या प्रॅक्टिसला येऊन बाकावर बसलो. तू लांबून पाहिलंस. एरवी मी त्या वेळी कधी येत नसे. प्रॅक्टिस संपल्यावर तू एक जास्तीचा ग्लोव्ह माझ्याकडे फेकलास आणि आपण अंधार पडेपर्यंत चेंडू फेकत बसलो. मी निम्मे सोडले. तू एक शब्द विचारला नाहीस. घरी जाताना फक्त म्हणालास, "बाबा, युअर आर्म इज गेटिंग बेटर." माझा हात काही सुधारला नव्हता, पण त्या एका वाक्यावर मी चार महिने काढले.

आता ती मॅच. तुला माहीत होतं की मी तिथे पोचणार.

हायस्कूलचं तुझं शेवटचं वर्ष, सीझनची शेवटची मॅच. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक जागेला नंबर असतो. तू शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार, तुझा नंबर सहा. त्या वर्षी एकोणीस मॅचेसमध्ये माझ्या वहीत तुझ्या नावावर एकही चूक नव्हती. विसावी तशीच गेली असती तर शाळेच्या जिमच्या भिंतीवर तुझ्या नावाची पाटी लागणार होती. तू ती गोष्ट तोंडाने कधी काढली नाहीस, पण आदल्या दिवशी ग्लोव्हला तीनदा तेल लावलंस. सातवी म्हणजे शेवटची इनिंग, तीन-तीन बरोबरी, त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर. त्यांच्या पोराने चेंडू मारला, तो सरपटत तुझ्याकडे आला, तुझ्या ग्लोव्हला चकवून खांद्याला लागला आणि मागे गेला. त्यांची धाव झाली. आपली पाळी आधीच संपली होती, आपण हरलो.

वही लिहिणाऱ्याला अशा वेळी न्यायाधीश व्हावं लागतं. चेंडू पकडण्यासारखा होता की नव्हता ते त्याने ठरवायचं. नसेल तर मारणाऱ्याच्या नावावर हिट, असेल तर राखणदाराच्या नावावर चूक. क्रिकेटमध्ये हे नाही. आमच्या नागपूरच्या वहीत किती कॅच सुटले, पण एकही कुणाच्या नावावर चढला नाही, संध्याकाळी चहाबरोबर सगळं विसरून जायचे लोक. इथे चूक नंबरासकट लिहितात. मी लिहिलं, ई सिक्स. सहा नंबरची चूक.

तुला हे माहीत नाही की मॅच संपल्यावर कोच ओल्सन माझ्याकडे आले होते. वही बघून, नेहमीसारखं माझं नाव तोडून, हळूच म्हणाले, "गुरू, दॅट बॉल टुक अ बॅड हॉप. आय वुड कॉल इट अ हिट." त्यांच्या मते चेंडू खड्ड्यावरून वेडावाकडा उसळला होता. पेन्सिल माझ्या हातात होती, खोडरबर पेन्सिलीच्या मागेच होतं. मी म्हणालो, नो कोच, इट वॉज ॲन एरर. ते म्हणाले, "युअर बुक," आणि गेले.

का म्हणालो तसं? आपल्या लोकांची ही खोड आहे बाळा. पाहुण्यांनी पोराचं कौतुक केलं की आपण लगेच म्हणणार, कसला हुशार, नुसता उनाड आहे. स्वतःच्या पोराला एक माप कमी घातलं की आपल्याला आपण फार सचोटीचे वाटतो. उद्या कुणी म्हणायला नको की बापाने वही हातात होती म्हणून पोराची चूक झाकली. बाकावर तीसेक पालक होते, कुणाच्या मनातसुद्धा ते आलं नसतं. ते फक्त माझ्या मनात होतं.

गाडीत तू विचारलंस, "व्हॉट डिड यू गिव्ह इट?" मी सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "इट्स फाइन, बाबा." त्यानंतर तू बेसबॉल खेळला नाहीस. कॉलेजला टेक्ससला गेलास, ग्लोव्ह इथेच कपाटात ठेवून. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. भांडण नाही, अबोला नाही, फक्त रविवारचा फोन, आणि फोनवर फक्त ट्विन्स. सोळा वर्षं आपण दोघं बेसबॉलवर बोलतोय आणि ती एक मॅच सोडून सगळ्या मॅचेसवर बोलतोय. तरी मी त्या फोनची आठवडाभर वाट बघतो, हेही सांगून टाकतो.

आता सांगतो ते आईलाही माहीत नाही. मी तो चेंडू पाहिला नव्हता, अनीश. तुझ्याकडे चेंडू यायला लागला की मला कधीच बघवायचं नाही. पहिल्या मॅचमधलं ते हसणं माझ्या कानात पक्कं बसलं होतं. चेंडू तुझ्या दिशेने निघाला की मी मान खाली घालायचो, वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवायचो आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज आला की वर बघायचो. दहा वर्षं असंच केलं. तुझे ते झेपावून पकडलेले चेंडू, ज्यांच्याबद्दल लोक टाळ्या वाजवायचे, त्यातले निम्मे मी नुसते ऐकलेत. त्या दिवशी तो आवाज आला नाही. वर पाहिलं तर चेंडू मागे गवतात होता आणि तू खांदा धरून उभा होतास. बघितलं नव्हतं हे कोचना कसं सांगणार? वही लिहिणारा माणूस, आणि बघितलं नाही? म्हणून ठासून सांगितलं. न पाहिलेल्या चेंडूवर मी तुझ्या नावाने निकाल दिला आणि वर सचोटीचा आव आणला. याची मला लाज वाटते, आणि ही लाज आता एकट्याने वाहवत नाही.

आणि आता, मी का येत नाही ते. अक्षर तुझ्यासाठी मोठं काढलं असं वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. माझ्यासाठी काढलंय. जाड मार्करने लिहितोय, एका पानावर सातआठ ओळी बसतात, चार दिवस लागले. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. कडेकडेचं दिसतं, मधोमध मात्र डाग आहे, आणि तो वाढतोय. समोरच्याकडे सरळ पाहिलं की चेहरा जातो आणि कान नि केस तेवढे उरतात. रेणूला म्हणावं, तुझा चेहरा नीट दिसावा म्हणूनच मी बाजूला बघत होतो. कबीरने फेकलेला चेंडू माझ्या छातीवर आपटला तेव्हा मी खांदा दुखतो म्हणालो, तोही धडधाकट आहे. गाडी मी मागच्या उन्हाळ्यापासून चालवत नाही, आईच चालवते. रविवारी तू "काल तो कॅच पाहिला का?" विचारतोस आणि मी पाहिला म्हणतो, तेव्हा आईने तुझ्या फोनच्या आधी अर्धा तास मला सगळं वाचून दाखवलेलं असतं. तिच्यावर रागावू नकोस, तुला सांगायचं नाही अशी शपथ मी घातली होती. मला वाटायचं, बेसबॉल दिसत नाही हे तुला कळलं तर आपल्याकडे बोलायला काय उरेल?

पण कबीरच्या वहीसाठी तू आता चौथ्यांदा विचारणार नाहीस, हे मला त्या 'इट्स फाइन'वरून कळलं. तेव्हा मीच सांगतो. मी येतोय. तिकिटं आईने काल काढली, सात मार्चची, दुपारी दोनला उतरतो. वही लिहायला मात्र येत नाही. लिहायला तिथल्या कुणालातरी बसव, मी शेजारी बसून कुठे काय मांडायचं ते सांगेन. आणि समोर काय चाललंय ते मला कुणीतरी सांगायला हवं, तू गाडीत मागून सांगायचास तसं. तू मैदानात असशील, तर रेणू सांगेल. सोबत तुझी ती जुनी वही आणतोय. ई सिक्स लिहिलेला तो चौकोन अजून तसाच आहे. चेंडू कसा आला होता ते त्या मैदानात तुझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही आणि मी तुला एकदाही विचारलं नाही, ते आता विचारतो. उसळला होता का रे तो? चूक होती असं वाटत असेल तर राहू दे, नसेल तर तुझ्या हाताने खोड. मी शेजारी बसेन, या वेळी मान खाली न घालता. आणि विमानतळावर घ्यायला येशील तेव्हा लांबून हात हलवत उभा राहू नकोस, मला दिसणार नाही. मैदानात ओरडायचास तशी मोठ्याने हाक मार, मी आवाजाच्या रोखाने येईन.

तुझाच,
बाबा